चांगल्या पायाचा बूट

दर हजार बाळांमागे एखादं बाळ असं जन्माला येतं, की त्याचं पाऊल घोट्यापासून आत वळलेलं असतं. टाच वर ओढलेली असते आणि तळवा समोर न बघता दुसऱ्या पायाकडे बघत असतो. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट असतं, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. आमच्या घरी आलेलं बाळ मुलगी होती आणि तिचा एकच पाय, उजवा, तसा होता. या दुखण्यावर आज चांगला उपाय आहे. त्या उपायाच्या काळात मुलाला वाढवण्याबद्दल जे मला कळलं, ते आज सांगावंसं वाटतं. कारण ते फक्त वाकड्या पावलाच्या बाळांपुरतं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत येणारं माणूस आधी बाळाचं नाक-डोळे बघतं, मग दुपटं सरकतं आणि पाय दिसतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?" कुणी विचारतं, दिवस असताना विळीवर काही चिरलं होतंस का. मुलगी आहे, पुढं लग्नाचं कसं व्हायचं, ही काळजी बारशाच्या आधीच वाहिली जाते. विचारणारी माणसं वाईट नसतात. समोर दिसलेल्या दुःखाला काहीतरी कारण हवं, म्हणून ती हाताशी असलेलं कारण उचलतात. पण ओल्या बाळंतिणीच्या कानात तो प्रश्न शिरला की तो पुढं कित्येक रात्री बाहेर निघत नाही. म्हणून हे ठामपणे सांगायला हवं: ग्रहणात चाकू धरल्यानं कुठल्याही बाळाचं पाऊल वळत नाही. बहुतेक बाळांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. काही घराण्यांत ते पिढ्यांमधून येतं. पोटात वाढ होतानाच पोटरीचे आणि पावलाच्या आतल्या बाजूचे स्नायू, शिरा, सांध्यांना बांधून ठेवणारे बंध आखूड राहतात आणि पाऊल आत ओढलं जातं. आई कुठल्या कुशीवर झोपली, काय चिरलं, कुणाची सावली पडली, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

दुसरा सल्ला मालिशचा. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी मायेनं म्हणतात, "माझ्या हातात द्या, सव्वा महिन्यात पाय सरळ करून देते." तेल-पाण्यानं बाळ सुखावतं, गाढ झोपतं, ते त्याला मिळालंच पाहिजे. पण आखडलेलं पाऊल तेलानं वळत नाही, आणि जोर लावून ओढलं तर कोवळ्या हाडांना इजा होते. तो महिना-सव्वा महिना फुकट जातो, ते वेगळंच.

ज्या पद्धतीनं आज जगभर हे पाय सरळ केले जातात, ती डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांची. 1914 साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि लहानपणी पोन्सेटी त्यांच्या दुकानात हाताखाली काम करायचे. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची मोडलेली हाडं बसवली. मग परागंदा होऊन मेक्सिकोत गेले, आणि 1941 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोचले. तिथं त्यांनी एक गोष्ट पाहिली. बाळपणी ज्यांच्या अशा पावलांवर मोठी ऑपरेशनं झाली होती, ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचे पाय कडक, कमजोर आणि दुखरे झाले होते. पाय सरळ दिसत होता, पण चालताना साथ देत नव्हता. पोन्सेटींनी पावलाची रचना पुन्हा मुळापासून अभ्यासली. तान्ह्या बाळाच्या बंधांमध्ये कोलॅजनचे नागमोडी तंतू असतात. ते हलक्या हातानं थोडे ताणले आणि प्लॅस्टरमध्ये आठवडाभर तसेच धरून ठेवले, तर ते लांबतात; पुढच्या आठवड्यात आणखी थोडे लांबतात. पाच-सहा, फार तर सात-आठ प्लॅस्टरमध्ये पाऊल बाहेर येतं. हे सगळं त्यांनी 1963 साली प्रसिद्ध केलं, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं जगभरचे बहुतेक सर्जन ऑपरेशनच करत राहिले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस चित्र बदललं, त्यात बरे झालेल्या मुलांच्या आईबापांचा मोठा हात होता. त्यांनी एकमेकांना सांगून सांगून ही पद्धत पसरवली. 2009 मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी पोन्सेटी गेले. 3 जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

प्लॅस्टरचा वार हा आमच्या घरात आंघोळीचा वार झाला. पायाच्या बोटांपासून जांघेपर्यंत प्लॅस्टर, गुडघा काटकोनात वाकवलेला. त्यामुळं आठवडाभर बाळाचं अंग फक्त पुसून घ्यायचं. ज्या दिवशी दवाखान्यात जायचं, त्या सकाळी कोमट पाण्यात प्लॅस्टर भिजवायचं, टोक सापडलं की हळूहळू उलगडत जायचं. आतून बाहेर येणारी पोटरी पांढुरकी, सुरकुतलेली, पापुद्रे सुटलेली असायची. मग पाटावर बसून, दोन्ही पाय लांब करून, त्यावर बाळाला पालथं घालून आठवड्याची राहिलेली सगळी आंघोळ एकदम घालायची. लेक त्या पायानं पाण्यात अशी लाथा मारायची, की आठवडाभर तो पाय याच क्षणाची वाट बघत होता असं वाटावं. तासा-दोन तासांनी त्यावर पुन्हा प्लॅस्टर चढणार असायचं.

डॉक्टरांचे हात मी फार जवळून पाहिले. एका हाताचा अंगठा घोट्याच्या पुढं बाहेरच्या बाजूला, एका छोट्या हाडाच्या डोक्यावर टेकलेला. दुसऱ्या हातानं पाऊल त्या अंगठ्याभोवती बाहेर वळवायचं. जोर जवळजवळ दिसतच नव्हता. त्या वेळी मी तिला अंगावर पाजत असायची, आणि ती पीत राहायची. बाळ रडत असेल तर पाय आखडतो आणि प्लॅस्टर नीट बसत नाही, म्हणून पाजणं हाही उपचाराचाच भाग. घरी आलं की दिवसातून चार वेळा बोटं बघायची: दाबल्यावर पांढरी होतात आणि सोडल्यावर लगेच गुलाबी होतात ना? बोटं प्लॅस्टरच्या आत शिरल्यासारखी दिसली तर ते घसरलंय, लगेच दवाखाना. शेवटी टाचेमागची जाड शीर सैल करावी लागते. बहुतेक बाळांना ते लागतंच. जागा बधिर करून बारीक पात्यानं ती शीर कापतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लॅस्टर घालतात. तेवढ्या अवधीत शीर हव्या त्या लांबीला पुन्हा जुळून येते. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. लेक थोडं रडली आणि दूध पिऊन झोपली.

शेवटचं प्लॅस्टर निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. घरात पेढे आले. आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी एक धातूची पट्टी हातात दिली, तिच्या दोन टोकांना दोन छोटे बूट, दोन्हीची तोंडं बाहेरच्या दिशेला वळलेली. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. त्यानंतर रात्रभर आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. उजवा बूट जवळजवळ सत्तर अंशांत बाहेर वळवलेला, डावा चाळीस अंशांत.

त्या पट्टीकडे बघून प्रत्येकानं विचारलं, "अगं, चांगल्या पायाला कशाला?"

डॉक्टरांनी मला ते आधीच सांगितलं होतं. "ताई, नुसता एक बूट घातला तर बाळ तो पाय आत फिरवून घेतं. पाऊल बाहेर धरून ठेवायचं तर त्याला कुणीतरी टेकू द्यावा लागतो. तो टेकू दुसरा पाय देतो." पट्टी दोन्ही पायांना जोडलेली असते, म्हणून बाळ एक पाय हलवायला गेलं की दुसराही हलतो. दोन्ही गुडघे एकत्र वाकवायचे, एकत्र सरळ करायचे, हे बाळ काही दिवसांत शिकतं. आणि प्रत्येक वेळी गुडघा वाकला की वळणाऱ्या पावलाला हवा तो ताण मिळत राहतो. डाव्या पायाला काहीही झालेलं नसतं. तरी तो रोज रात्री बूट घालतो, कारण त्याच्याशिवाय उजवा पाय सरळ राहू शकत नाही.

मला पुढं कितीतरी दिवस हे वाक्य पुरलं. घरातल्या एकाचं दुखणं असतं तेव्हा ज्यांना काही झालेलं नाही त्यांनीही थोडं बांधून घ्यावं लागतं. आपल्याकडे बाळाचं दुखणं हे आईचं काम समजलं जातं. बाकीचं घर काळजी करतं, नवस बोलतं, फोन करून चौकशी करतं आणि आपापल्या वेळेला झोपतं. ही काळजी खोटी नसते. पण रात्री दहा वाजता मोजे कोरडे आहेत का, हे तिला माहीत नसतं. बूट घालणं ही भावनेची गोष्ट नाही, ते काम आहे. टाच बुटात पूर्ण खाली बसली पाहिजे. मागच्या छोट्या भोकातून ती दिसते की नाही हे बघायचं. मधला पट्टा आधी आवळायचा, मग बाकीचे. मोज्याला सुरकुती नको. कातडी लाल झाली तर तेल किंवा क्रीम लावायचं नाही, त्यानं ती आणखी मऊ होऊन फोड येतो. हे सगळं रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन करायचं, आणि पुन्हा उद्या करायचं.

आमच्याकडे हे काम वाटलं गेलं. रात्रीचे बूट तिचे बाबा घालायचे आणि सकाळचे मी काढायची. आजोबांनी मोज्यांचं काम अंगावर घेतलं. दोरीवर नेहमी दोन जोड वाळलेले असायचे. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बूट घालताना पायाला धरायचं आणि तिच्याशी गप्पा मारायच्या. आल्या-गेल्याला उत्तर द्यायचं कामही त्याच करायच्या. कुणी "अगं, पाय तर बरा दिसतोय की, आता कशाला छळता लेकराला?" असं म्हटलं, की त्या म्हणायच्या, "पाय बरा आहे तो बुटांमुळंच. तुम्ही चहा घ्या." त्या एका वाक्यानं माझा किती भार हलका झाला, हे मलाच ठाऊक.

कारण या आजारातला सगळ्यात अवघड काळ पाय वाकडा असतानाचा नसतो. तेव्हा सगळ्यांना दिसत असतं आणि सगळे धावत असतात. अवघड काळ येतो पाय सरळ दिसायला लागल्यावर. बाळ पालथं पडतं, रांगतं, धरून उभं राहतं, दिवसभर मोकळ्या पायांनी घरभर फिरतं. अशा वेळी रोज रात्री त्याला बांधून ठेवायचं, ते कुठल्या न दिसणाऱ्या गोष्टीसाठी? लग्नघरात मुक्काम असतो, रात्रीच्या एसटीनं प्रवास असतो, ताप आलेला असतो, आणि मन म्हणतं, आज एक रात्र राहू दे. पण पावलातल्या बंधांना त्यांचं जुनं वळण आठवत असतं. दूध आटवताना ढवळणारा हात थांबला की ते तळाला लागतं, आणि वरून बघणाऱ्याला ते कळतही नाही. इथंही तसंच होतं. या पद्धतीच्या मार्गदर्शिकांमध्ये जो आकडा दिला जातो तो विचार करायला लावणारा आहे: बूट नेमानं घालणाऱ्या कुटुंबांमध्ये पाऊल पुन्हा वळण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास, आणि न घालणाऱ्यांमध्ये ऐंशीच्याही वर.

बाळ रडतं तेव्हा हा आकडा आठवून हात थरथरायचे थांबत नाहीत. पण एक फरक हळूहळू कळायला लागतो. भुकेचं रडणं वेगळं, दुखल्याचं वेगळं आणि "मला हे नको" असं सांगणारं रडणं वेगळं. पहिल्या दोन रडण्यांना लगेच धावायचं. बूट सैल आहे का, टाच वर आलीय का, फोड आलाय का, ते बघायचं. तिसऱ्या रडण्याला जवळ घ्यायचं, थोपटायचं, पण बूट काढायचे नाहीत. रडलं की बूट निघतात, हे बाळाला एकदा कळलं की पुढं प्रत्येक रात्र अवघड होते. झोप म्हणजे बूट, हे कळलं की दात घासण्याइतकं ते साधं होऊन जातं. आमची लेक बोलायला लागली तेव्हा झोप आली की स्वतःच बूट ओढत आणायची. नाही म्हणूनही माया करता येते, हे आईबापांना खरं तर मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर शिकावं लागतं. आम्हाला ते ती तान्ही असतानाच शिकावं लागलं, आणि त्याचं आज मला बरंच वाटतं.

मात्र आकडे वाचून कुणा आईला दोष देण्याची घाई करू नये. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी ऊसतोड कामगारांपैकी एक बाई बसायची. तिच्या मुलाचे दोन्ही पाय वळलेले. दर आठवड्याला येण्यासाठी तिला रोज बुडवावा लागायचा, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या फडावर निघाली की पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहायचं. मूल वाढलं की बूट लहान होतात, मोठे कुठून आणायचे? पहाटे चारला फडात जाणारी आई बाळाची दुपारची झोप कुणावर सोपवणार? तिला बुटांचं महत्त्व माझ्याइतकंच कळलं होतं. तिच्याजवळ आजोबा नव्हते, सासूबाई नव्हत्या, दोरीवर वाळणारे दोन जोड नव्हते. बूट घालणारे हात जिथं कमी पडतात, तिथं ते पुरवणं गावाचं आणि सरकारचं काम आहे. चांगल्या पायानं टेकू द्यायचा तो इथं.

याची सोय काही प्रमाणात आहे, ती वापरली मात्र पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे मोफत उपचार त्यात येतात, आणि जन्मजात व्यंगांच्या यादीत क्लबफूट आहे. घरी येणाऱ्या आशाताईला पाय दाखवला तरी जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतची वाट उघडते.

या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही खरं सांगायला हवं. त्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा थोडी बारीक राहते. पाऊलही किंचित लहान राहू शकतं. बूट नेमानं घालूनही काहींचं पाऊल पुन्हा वळतं. मग पुन्हा प्लॅस्टर, आणि काही मुलांना थोडं मोठं झाल्यावर पावलाच्या एका शिरेची जागा बदलण्याचं ऑपरेशन लागतं. त्यात कुणाचाही दोष नसतो. पण मोठ्या माणसाचं आयुष्य या पायावर उभं राहतं का? 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी आयोवातल्या डॉक्टरांनी तीस वर्षांपूर्वी बरे केलेले रुग्ण पुन्हा तपासले. शंभरातल्या 78 जणांचे पाय उत्तम किंवा चांगले होते. ज्यांना जन्मतः काहीही नव्हतं अशा लोकांमध्ये हेच प्रमाण 85 होतं. एवढाच फरक. दोन्ही पाय वळलेले असताना जन्मलेली क्रिस्टी यामागुची 1992 च्या ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकली. आमच्या लेकीनं पदक आणावं अशी माझी काही इच्छा नाही. ती शाळेत लंगडी खेळते आणि कुठल्या पायावर लंगडी घालायची हे तिचं ती ठरवते, ते मला भरून पावण्याइतकं आहे.

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असं बाळ जन्माला आलं तर पहिल्या दोन आठवड्यांत त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. उशीर झाला असेल तरी न्या. मोठ्या मुलांनाही या पद्धतीचा उपयोग होतो. बाळंतिणीला ग्रहणाचं विचारू नका. आजी-आजोबा असाल तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तर देण्याचं काम तुमच्याकडे घ्या. शेजारी असाल तर दवाखान्याच्या दिवशी थोरल्या मुलाला सांभाळा. आणि बाळाचे वडील असाल, तर आज रात्रीचे बूट तुम्ही घाला.